नातीचा कागद

नात सातव्या महिन्यात माहेरी आली, म्हणजे माझ्या लेकीकडे सोलापूरला, आणि दुसऱ्याच दिवशी मला भेटायला कुंभारीला आली. पिशवीतून एक छापील कागद काढला आणि म्हणाली, "आजी, हे वाच. मास्तरणीच्या नजरेनं वाच. चुका काढ."

दोन पानांचा कागद. त्यावर मुद्दे घातलेले. कळा सुरू झाल्यावर मला चालू-फिरू द्यावे. माझ्याजवळ कोणीतरी माझं माणूस असावं. काहीही करण्याआधी मला सांगावं. गरज नसेल तर टाके पडतील असा छेद देऊ नये. बाळ आधी माझ्या अंगावर द्यावं. नाळ लगेच कापू नये. असं बरंच काही. मला आधी हसू आलं. आमच्या वेळी बाळंतपणाला जाताना जुनी लुगडी, शेपा-ओवा आणि देवाचा अंगारा बरोबर घ्यायचे, या पोरी अर्ज घेऊन चालल्या! लेक तर चिडलीच. "डॉक्टरांना शिकवायला जाणार का तू?" म्हणाली.

मी मात्र रात्री तो कागद परत वाचला आणि माझं हसू हळूहळू गेलं. कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला ओळखीच्या होत्या. त्या मी याच गावात पाहिल्या होत्या. आणि जी एक गोष्ट कागदावर नव्हती, तीही मी पाहिलेली होती. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझा जन्म १९५१ सालचा, कुंभारीतल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीतला. त्या खोलीला एकच झरोका. बाळंतपण आलं की शेणानं सारवायची, दारावर गोधडी टांगायची, आढ्याला कासऱ्याचा दोर बांधायचा. तो दोर धरून बाई उकिडवी बसायची, कळ आली की दोराला लोंबायची. मागे माझी आजी तिला छातीशी धरून बसलेली, पुढे सुईण. काकू चुलीशी पाणी तापवत. सुईणीला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. ती कानडी बोलायची, मराठी तोडकंमोडकं. (आमचा हा सगळा भागच तसा आहे. घरात कानडी, शाळेत मराठी आणि सोलापूरच्या बाजारात तेलुगू.) कळ आली की तिचं एकच, "तडी, तडी." म्हणजे थांब, घाई करू नकोस. वार पडेपर्यंत ती नाळेला हात लावत नसे. बाळ आईच्या मांडीवर, नाळ तशीच, आणि सगळ्या बायका वाट बघत. आज नातीच्या कागदावर 'नाळ लगेच कापू नये' असं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते की बाळ बरं असेल तर निदान एक मिनिट थांबा. अव्वाला हे कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

पण मंडळी, मी काही 'जुनं ते सोनं' म्हणायला बसलेले नाही. अव्वा नाळ विळ्यानं कापायची. विळा धुतलेला असायचाच असं नाही. पाचव्या-सातव्या दिवशी बाळ आखडायचं, दूध ओढायचं थांबायचं, आणि बायका म्हणायच्या सटवीनं नेलं. तो धनुर्वात होता हे मला खूप पुढे, शाळेत आरोग्याचा धडा शिकवताना कळलं. तो धडा मी वर्गाकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून शिकवला होता. माझ्या पाठचा भाऊ असाच सातव्या दिवशी गेला होता.

आणि आत्या. १९५८ साल, मी सात वर्षांची. आत्याचं तिसरं बाळंतपण, खरं तर सासरी व्हायचं, पण ती आमच्याकडे आलेली. बाळ पहाटे झालं, रडलं, सगळं ठीक. वार मात्र पडेना. मग रक्त जाऊ लागलं. अव्वानं पोट चोळलं, तोंडात केस घालून ओकारी काढवली (तेव्हाचा उपाय), आणखी काय काय केलं. आत अव्वा आणि आजी, दोघींना कळलं होतं की आता हे आपल्या हातात नाही. बाहेर ओट्यावर पुरुष बसलेले. त्यांना आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि आतल्या बायकांना गाडी जोडायला सांगण्याचा अधिकार नव्हता. आजोबा शेताकडे गेलेले, ते आल्याशिवाय कोण ठरवणार? ते आले, मग बैल आणले, मग गाडी निघाली. सोलापूर काही लांब नाही हो, अक्कलकोट रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर. पण बैलगाडी ती. आत्या वाटेतच गेली.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला. बाळंतपणात बायका का मरतात याचा विचार करताना त्यांनी तीन उशीर सांगितले: न्यायचं हे ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मला हे वाचनात आलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आमच्या ओट्यावरच्या त्या सकाळीचंच वर्णन होतं ते. तिसऱ्या उशिरापर्यंत तर आम्ही पोचलोच नाही. आणि ज्या ऑक्सिटोसिन नावाच्या द्रव्यानं गर्भाशय आकसून रक्त थांबतं, ते प्रयोगशाळेत तयार करण्याचं काम द्यू विन्यो या शास्त्रज्ञानं १९५३ सालीच केलं होतं. त्याला नोबेल मिळालं १९५५ साली. आत्या गेली १९५८ साली.

हे एकट्या आमच्या घरचं नव्हतं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात हजार बाळंतपणांमागे वीस बायका मरतात असा अंदाज दिला आहे. म्हणजे दर पन्नासाला एक. तेव्हा एकेका बाईला सात-आठ बाळंतपणं. हिशोब तुम्हीच करा.

मग त्या वेळी डॉक्टर नव्हते का? होते. सोलापुरात डफरीन चौक आहे, तिथून रोज हजारो माणसं जातात, पण ही डफरीन कोण हे विचारलं तर कोणी सांगणार नाही. लेडी डफरीन ही व्हाइसरॉयची बायको. राणी व्हिक्टोरियाच्या सांगण्यावरून तिनं १८८५ साली हिंदी स्त्रियांना बायकांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक निधी काढला. त्यातून गावोगाव बायकांचे दवाखाने उभे राहिले. पुढे १९०३ साली लेडी कर्झननं सुईणींना शिकवण्यासाठी आणखी एक निधी काढला. चांगलंच काम. पण त्या काळातलं लिखाण वाचलं की एक गोष्ट खटकते. सगळा दोष सुईणीचा. ती घाणेरडी, अडाणी, अंधश्रद्ध. तिला विचारावंसं कोणालाच वाटलं नाही की बाई, तू रात्रभर हिच्याजवळ बसतेस, तुला काय दिसतं? आणि गंमत अशी की घाणेरड्या हातांची गोष्ट युरोपातही फार जुनी नव्हती. १८४७ साली व्हिएन्नात झेमेलवाइस या डॉक्टरनं दाखवून दिलं होतं की सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरतात, कारण डॉक्टर प्रेतं फाडून तसेच हात घेऊन येतात. त्याचं कोणी ऐकलं नाही. बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला.

आपल्या आनंदीबाई जोश्यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र फारसा कोणाला माहीत नसतो: हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे पेनसिल्व्हेनियात बसून ही एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्राबद्दल लिहीत होती. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. त्या जगल्या असत्या तर डॉक्टर आणि सुईण यांच्यामध्ये बसणारं एक माणूस आपल्याला मिळालं असतं, असं मला उगाचच वाटतं.

आता माझं सांगते. आत्याच्या अनुभवानंतर आमच्या घरात ठरलंच होतं की पोरींची बाळंतपणं दवाखान्यात. १९७४ साली माझं पहिलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आईला दाराबाहेर ठेवलं. एका खोलीत आम्ही पाच-सहा जणी, मध्ये पडदा नाही. पाठीवर झोपायचं, पाय वर. उठायचं नाही, ओरडायचं नाही. मी ओरडले तर एक बाई जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, आणि विसरूही शकत नाही. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते, पन्नास मुलं माझ्या एका शब्दावर गप्प बसायची. तिथे मला कोणी एक वाक्य धड सांगितलं नाही. छेद दिला तोही दिल्यावर कळला. बाळ झाल्यावर मुलगी का मुलगा, एवढं सांगितलं.

पण बाळ जगलं, मी जगले. रक्त गेलं तेव्हा इंजेक्शन मिळालं. तेव्हा मनात आलं की हे इंजेक्शन आणि आजीची छाती दोन्ही एका खोलीत का नसावं? हा प्रश्न मी पन्नास वर्षं बाळगून आहे.

(पाठीवर झोपवण्याची ही रीतही आपली नव्हे. सतराव्या शतकात मोरिसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं बिछान्यावर झोपवून बाळंतपण करण्याचा पुरस्कार केला, कारण ते करणाऱ्याला सोयीचं. त्याआधी तिकडेही बाळंतखुर्च्या होत्या.)

माझ्या या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी तेव्हाच शोधत होतं, आणि तेही आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, हे मला फार उशिरा समजलं. आमच्या करमाळ्याच्या पलीकडे जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स खेड्यात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. नर्सचं गावात मन रमेना आणि गावाचा नर्सवर विश्वास बसेना. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर किंवा दोन-चार इयत्ता शिकलेल्या, कित्येकजणी दलित, कोणी टाकलेल्या, कोणी विधवा. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या, परत गावी जायच्या.

काय शिकल्या? हात धुणं, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ जागा. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई टोचून घेतली का ते पाहणं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणतं बाळंतपण आपलं नाही हे ओळखणं. सुजलेले पाय, आडवं मूल, आधीच्या खेपेला रक्त गेलेलं असणं. असं काही दिसलं की जामखेडला. आणि जामखेडला पोचल्यावर तिचं म्हणणं डॉक्टर ऐकत. तिनं 'ही बाई अवघड आहे' म्हटलं की ती खबर मानली जाई, बडबड नव्हे. आमच्या अव्वाला हेच तर मिळालं नव्हतं. तिला कळलं होतं, पण तिचं कळणं ओट्यापर्यंतही पोचलं नाही.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनीच उभारलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला आवडते ती मुक्ताबाई पोळांची गोष्ट. त्या जामखेडच्या ग्रामीण आरोग्य कार्यकर्ती. १९८८ साली वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात झुंबरं लखलखत होती. त्यांनी डॉक्टर मंडळींना झुंबराची उपमा दिली आणि आपल्यासारख्यांना पणतीची: झुंबर सुंदर असतं, महाग असतं, हलवता येत नाही, पणतीनं पणती लावता येते. आमच्या सातवीच्या वर्गात उपमा अलंकार शिकवताना मला हे माहीत असतं तर!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही असंच काही केलं. त्यांनी सुईणीला हटवलं नाही. सुईण आईकडे बघेल आणि गावातलीच शिकवलेली आरोग्यदूत बाळाकडे, अशी घरातच दोघींची जोडी लावली. एकोणचाळीस गावांत हे केलं आणि शेजारच्या सत्तेचाळीस गावांशी ताडून पाहिलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्याच वर्षी माझी नात जन्मली.

इकडे कुंभारीही बदलत होती. २००६ च्या सप्टेंबरात आमच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीचं उद्घाटन पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते झालं. विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. आमचं गाव एकदम शहराएवढं झालं. त्या वसाहतीतल्या काही मुली आमच्या शेवटच्या शेवटच्या वर्षांत शाळेत होत्या. त्यांच्या आयांचं बाळंतपण मी जवळून पाहिलं आहे. नववा महिना भरेपर्यंत मांडीवर सूप, त्यात पान आणि तंबाखू. हजाराला मजुरी, म्हणून कळा येईस्तोवर बोटं थांबत नाहीत. त्यात घरात तेलुगू. दवाखान्यात सिस्टर मराठीत विचारते, कळ किती वेळानं येते? आणि ही नुसती मान हलवते. तेव्हा २००५ साली आलेल्या योजनेतल्या आशा ताई कामाला आल्या. त्यांचं नाव कागदोपत्री काहीही असो, मी त्यांना दुभाषीच म्हणायची. भाषेच्याही आणि भीतीच्याही. दवाखान्यात जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. महाराष्ट्रात २००५-०६ च्या पाहणीत शंभरातली ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ९५ च्या घरात. धनुर्वातानं जाणारी बाळं २०१५ पर्यंत इतकी कमी झाली की जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला त्यातून मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. माझ्या भावासाठी मी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला.

आता दुसरीच तक्रार ऐकू येते. त्याच पाहणीत शंभरातली पंचवीस बाळंतपणं पोट उघडून. लेकीचं १९९९ सालचं तसंच. का केलं ते तिला आजही नीट सांगता येत नाही. गरज असेलही! पण 'का' हे तिला माहीत नसावं, याचंच मला वाईट वाटतं. म्हणून नातीचा कागद मी नीट तपासला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि लेकीला म्हटलं, "घेऊन जाऊ दे तिला. डॉक्टरांना शिकवायला नाही, विचारायला जातेय ती."

मीही बरोबर गेले. डॉक्टरबाई चाळिशीच्या. त्यांनी कागद पूर्ण वाचला, मध्ये एकदाही हसल्या नाहीत. चालणं-फिरणं चालेल म्हणाल्या. जवळ माणूस असायलाच हवं म्हणाल्या, सरकारी दवाखान्यांतसुद्धा २०१६ पासून तशी परवानगी आहे, शक्यतो जिनं स्वतः बाळंतपण अनुभवलंय अशी बाई असावी. दोन मुद्द्यांपुढे 'वेळ आल्यावर ठरवू' असं पेन्सिलीनं लिहिलं आणि ती वेळ कोणती तेही समजावलं. मग म्हणाल्या, "सगळं लिहिलंय, पण रक्तगट कुठाय? रक्त लागलं तर देणारे दोघं कोण? रात्री गाडी कोणाची? आणि तू बोलायच्या स्थितीत नसलीस तर तुझ्या वतीनं हो-नाही कोण म्हणणार?"

कागदावर जी गोष्ट नव्हती म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, ती हीच. मी काही बोलले नाही. नातीनं तिथेच पेन काढून चार ओळी खाली लिहिल्या. हो-नाहीच्या पुढे आधी नवऱ्याचं नाव लिहिलं, मग थोडं थांबून त्याखाली माझं.

डॉक्टरबाईंनी आणखी एक दाखवलं. कळा सुरू झाल्यावर भरायचा तक्ता. जुना तक्ता आमच्या शाळेतल्या आलेखासारखा, तासाला एक सेंटिमीटर या हिशोबानं रेघ. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं नवा काढला. त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही वरती रकाने आहेत: सोबत कोणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलं का, पाणी प्यायली का, कोणत्या स्थितीत आहे. मी ते दोनदा वाचलं. सोबत कोणी आहे का, हे सिस्टरनं दर वेळी विचारायचं आणि लिहायचं!

प्रत्यक्ष दिवशी मी आत होते. पंचाहत्तरीला आलेली मी, गुडघे दुखतात, पण होते. ड्यूटीवरची सिस्टर गोदूताई वसाहतीतली निघाली, आई विड्या वळायची म्हणाली. ती हात लावण्याआधी सांगायची, आता काय करतेय, गार लागेल, दुखेल. पाचव्या तासाला बाळाचे ठोके उतरले. खोलीतली हवा बदलली, मला ती आमच्या मधल्या खोलीसारखी वाटली. डॉक्टरबाईंनी नातीला डाव्या कुशीवर वळवलं आणि सरळ सांगितलं: ठोके कमी झालेत, आपण पाच-दहा मिनिटं बघतोय, वर आले तर पुढे चालू, नाही आले तर आत न्यावं लागेल, चालेल? नात 'चालेल' म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी पण 'चालेल' म्हटलं. ठोके वर आले. न आले असते तरी तिला 'का' माहीत असतं.

पहाटे मुलगी झाली. छेद द्यावा लागला, तोही विचारून. बाळ तिच्या छातीवर ठेवलं. नात धापा टाकत म्हणते, "सिस्टर, नाळ..." सिस्टर हातमोजे घातलेले दोन्ही हात तसेच वर धरून म्हणाली, "थांबलोच आहोत ताई." आम्ही सगळ्या त्या नाळेकडे बघत उभ्या राहिलो. तोवर इंजेक्शनही देऊन झालं होतं.

माझ्याकडे घड्याळ होतं. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वेळ लिहून ठेवली, चार वाजून सतरा मिनिटं. पत्रिका करायची की नाही ते तिचं ती ठरवील.